फुटगोल्फ आणि सॉकरगोल्फ: चेंडू एक, नियमावल्या दोन

पाच नंबरचा फुटबॉल, मोकळं रान आणि कमीत कमी किकमध्ये लक्ष्य गाठायचं, एवढं वर्णन दोन वेगवेगळ्या खेळांना लागू पडतं. जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क या भागांत राहणारी आपली मंडळी सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन ‘फुटबॉलचं गोल्फ’ खेळायला निघतात, तेव्हा कोणत्या खेळाचं बुकिंग झालंय हे पुष्कळदा तिथे पोचल्यावरच कळतं. एका ठिकाणी कातरलेल्या गवताचा खराखुरा गोल्फ कोर्स असतो आणि गळपट्टीचा टी-शर्ट घालून या असं सांगितलेलं असतं. दुसऱ्या ठिकाणी शेताच्या बांधापलीकडे ट्रॅक्टरचे टायर उभे केलेले असतात, ओंडक्यांची कमान असते, आणि कपड्यांबद्दल कुणी काही विचारत नाही. पहिला खेळ फुटगोल्फ. दुसऱ्याला जर्मनीत फुसबालगोल्फ, इतरत्र फुटबॉलगोल्फ किंवा सॉकरगोल्फ म्हणतात. गोंधळ टाळायला इथे मी दुसऱ्याला सॉकरगोल्फच म्हणणार आहे.

नियम वाचायला बसण्याआधी एक गोष्ट लक्षात घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. फुटगोल्फमध्ये तुम्हाला अडवते ती जमीन: तिचा उतार, गवताची उंची, वारा, तळं, झाड. त्यामुळे तिथले बहुतेक नियम चेंडू कुठे थांबला आणि तिथून तो कसा मारायचा याबद्दल आहेत. सॉकरगोल्फमध्ये कुणीतरी विचार करून रचलेला अडथळा तुम्हाला अडवतो. म्हणून तिथले नियम चेंडू कोणत्या वाटेने गेला याबद्दल आहेत. एकाचे नियम दुसऱ्याला लावले की दोन्ही खेळ बेचव होतात, आणि मला हे मनापासून वाटतं की निम्म्या लोकांना हे खेळ ‘पोरखेळ’ वाटतात ते याच सरमिसळीमुळे.

आधी फुटगोल्फ, कारण त्याची नियमावली जास्त कडक आहे. आजच्या रूपातला हा खेळ नेदरलँड्समध्ये आकाराला आला. मायकल यान्सेन आणि बास कोर्स्टेन यांनी 2009 च्या सुमारास तिथे पहिली स्पर्धा भरवली. कल्पना मात्र विलेम कोर्स्टेन या फुटबॉलपटूची मानली जाते. तो इंग्लंडमध्ये टॉटनहॅम हॉटस्परकडून खेळत असताना सराव संपला की खेळाडू मैदानापासून ड्रेसिंग रूमपर्यंत कमीत कमी किकमध्ये चेंडू कोण नेतो याची चुरस लावत. 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय फुटगोल्फ महासंघ उभा राहिला आणि त्याच वर्षी हंगेरीतल्या किशोरोसी इथे पहिला विश्वचषक झाला. पुढचे विश्वचषक 2016 मध्ये अर्जेंटिनात, 2018 मध्ये मोरोक्कोतल्या माराकेशला आणि 2023 मध्ये अमेरिकेतल्या ऑरलँडोला झाले. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये खेळ झपाट्याने पसरला त्यामागे एक व्यवहारी कारणही होतं. गोल्फ खेळणाऱ्यांची संख्या घटत होती, कोर्स सांभाळायचा खर्च तसाच होता, आणि दुपारच्या रिकाम्या वेळेत फुटबॉल खेळणारी तरुण पोरं पैसे देऊन यायला तयार होती.

तसं पाहिलं तर पायाने खेळायचं गोल्फ त्याहूनही जुनं आहे. शिकागोच्या डॉ. विल्यम कोड यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस ‘कोडबॉल’ नावाचा खेळ काढला होता. त्यात फुटबॉलपेक्षा लहान रबरी चेंडू लाथेने मारत मैदानात ठेवलेल्या भांड्यांसारख्या लक्ष्यांत घालायचा असे. काही वर्षं अमेरिकेत त्याच्या स्पर्धा झाल्या आणि मग तो मागे पडला. आजच्या दोन्ही खेळांशी त्याचा थेट वारसा नाही, पण माणसाला मोकळ्या रानात चेंडू आणि लक्ष्य दिसलं की काय सुचतं ते त्यावरून कळतं.

फुटगोल्फचा होल साधारण 52 सेंटिमीटर व्यासाचा असतो. फुटबॉलचा परीघ 68 ते 70 सेंटिमीटर, म्हणजे व्यास सुमारे 22. म्हणजेच होल चेंडूच्या जवळपास 2.4 पट रुंद. आता खऱ्या गोल्फचे आकडे घ्या: होल 108 मिलिमीटर, चेंडू किमान 42.67 मिलिमीटर. प्रमाण अडीच पट. म्हणजे ‘एवढा मोठा खड्डा, त्यात काय अवघड’ असं लांबून वाटतं खरं, पण चेंडूच्या हिशेबात फुटगोल्फचा होल गोल्फपेक्षा थोडा लहानच आहे. शिवाय हवा भरलेला चेंडू जरा वेगात आला की होलच्या कडेवर आपटून बाहेर उडतो. शेवटची दोन मीटरची किक इथे भल्याभल्यांची परीक्षा घेते. आपल्याकडे गोट्या खेळताना गलीच्या तोंडाशी आलेली गोटी अंगठ्याने हलकेच सोडावी लागते, तसा हा पायाचा अंदाज आहे, आणि जोरात मारायची सवय असलेल्या फुटबॉलपटूला तो यायला वेळ लागतो.

किक कशी मारायची याचा नियम नेमका आहे. चेंडू पूर्ण थांबलेला हवा. वाऱ्याने तो हळूहळू सरकत असेल तर पाय लावून थांबवायचा नाही, वाट बघायची. किक म्हणजे पायाची एकच स्वच्छ हालचाल. तळवा चेंडूवर ठेवून त्याला ओढत किंवा ढकलत नेणं चालत नाही, आणि मारण्याआधी पाय चेंडूपासून वेगळा असावा लागतो. हा नियम नसता तर होलजवळ आलेला प्रत्येक जण चेंडू पायाखाली घेऊन सरळ आत लोटला असता. होलपासून ज्याचा चेंडू सगळ्यांत लांब, त्याने आधी मारायचं. तुमचा चेंडू दुसऱ्याच्या वाटेत असेल तर त्या जागी खूण ठेवून तो उचलायचा आणि त्याची किक झाली की तिथेच परत ठेवायचा.

आणि मग या खेळाचा कणा: चेंडू जिथे थांबला तिथूनच खेळायचा. झाडाच्या बुंध्याला टेकला? मग आडवा मारा, एक किक खर्च करा आणि बाहेर या. उंच गवतात रुतला? तसाच मारा. चेंडू पाण्यात गेला तर एक दंडाची किक धरायची आणि मागच्या जागेवरून पुन्हा मारायची, किंवा चेंडू जिथून पाण्यात शिरला त्या कडेपासून दोन मीटरच्या आत ठेवून पुढे खेळायचं. सीमेबाहेर गेला तरीही एक किक दंड. सोपी जागा शोधायची मुभा कुठेही नाही, आणि म्हणूनच पहिली किक मारण्याआधी चांगला खेळाडू होलकडे न बघता उताराकडे बघतो. सपाट कोरड्या गवतावर चांगली किक गडगडत 50-60 मीटर जाते. त्याच किकला तिरका उतार लागला की चेंडू कुठे जाऊन बसेल याचा हिशेब आधीच करावा लागतो. प्रत्येक होलला पार, म्हणजे तो होल पुरा करायला अपेक्षित किकची संख्या, ठरलेला असतो: तीन, चार किंवा पाच. फेरी नऊ किंवा अठरा होलची. पारपेक्षा किती कमी-जास्त किक लागल्या यावर गुण.

गोल्फच्या जमिनीवर पाहुणे म्हणून खेळत असल्यामुळे आणखी काही बंधनं येतात. स्टड्सचे फुटबॉल बूट चालत नाहीत, टर्फवरचे बारीक गुठळ्यांचे बूट लागतात. गोल्फची ग्रीन, म्हणजे गोल्फच्या होलभोवतीचा अगदी बारीक कापलेल्या गवताचा तुकडा, फुटगोल्फवाल्यांना निषिद्ध असतो. फुटगोल्फचे होल मुद्दाम त्यापासून दूर खणलेले असतात. चेंडू ग्रीनवर गेलाच तर तिथून किक मारायची नाही, कोर्सच्या नियमाप्रमाणे तो बाहेर आणून ठेवायचा. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, शिरलात तर निघताना वाळू दाताळ्याने सारखी करायची. स्पर्धेत गुडघ्यापर्यंत मोजे आणि सपाट टोपी घालून आलेले खेळाडू बघून काहींना हसू येतं, पण मला त्यात यजमानाबद्दलचा आदर दिसतो.

सॉकरगोल्फ याच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्याची मुळं गोल्फ क्लबात नाहीत. जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन इथे हा खेळ खास त्यासाठी बनवलेल्या पार्कांत खेळला जातो, आणि यांतले कितीतरी पार्क शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीवर उभे केलेले आहेत. जर्मनीच्या ऱ्हाइनलँड-पॅलेटिनेट प्रांतात, द्राक्षमळ्यांच्या टापूत, दिर्मस्टाइन नावाचं गाव आहे. तिथला सॉकरपार्क या खेळाच्या चाहत्यांत नावाजलेला आहे. जमिनीचे चढउतार इथेही असतातच, पण त्यांच्यावर लाकूड, दगड, टायर, पाइप, भिंती, जाळ्या यांची रचना केलेली असते. मिनीगोल्फ ज्यांनी खेळलंय त्यांना ही जात लगेच ओळखू येईल.

इथला पहिला प्रश्न असतो: चेंडू अडथळ्यातून गेला का? पाटीवर काढलेलं असतं की आधी या दोन खांबांमधून, मग त्या टायरमधून, मग होल. टायर चुकवून चेंडू थेट होलशेजारी जाऊन बसला तर त्याचा काही उपयोग नाही. तो परत मागे आणून टायरमधूनच घालावा लागतो, आणि त्यात गेलेली प्रत्येक किक मोजली जाते. वेगळा दंड लावायची गरजच पडत नाही. फुटगोल्फ खेळून आलेले लोक हमखास अडखळतात ते इथे. ‘चेंडू थांबला तिथून पुढे’ ही सवय लागलेली असते, त्यामुळे अडथळ्याला वळसा घालून जाणं त्यांना हुशारी वाटते. सॉकरगोल्फमध्ये तो होल पूर्ण झालेलाच नसतो.

दुसरा फरक लक्ष्याचा. सॉकरगोल्फचा शेवट नेहमी जमिनीतल्या होलमध्येच होईल असं नाही. कधी जाळी, कधी उंचावरची रिंग, कधी भिंतीतलं भोक. त्यामुळे हवेतून उचललेली किक, पायाच्या आतल्या बाजूने वळवलेली किक, भिंतीवर आपटून कोनात आणलेली किक असं सगळं कामी येतं. नुसत्या लांब किकेचा इथे फारसा फायदा नाही, अंतरं आटोपशीर असतात. म्हणून दहा वर्षांची मुलगी आणि तिचा क्लबात फुटबॉल खेळणारा मामा यांची इथे बरोबरीची लढत होऊ शकते. फुटगोल्फच्या लांबलचक पाच पारच्या होलवर ती होत नाही.

अडथळ्याला चिकटून बसलेल्या चेंडूचं काय, यावर दोन्ही खेळांची वृत्ती स्पष्ट दिसते. फुटगोल्फमध्ये झाडाला टेकलेला चेंडू म्हणजे तुमचं नशीब. सॉकरगोल्फच्या बऱ्याच पार्कांत मात्र भिंतीला किंवा कुंपणाला चिकटलेला चेंडू एखाद्या पावलाइतका बाजूला घ्यायला परवानगी असते, कारण तिथे पाय फिरवायलाच जागा उरत नाही आणि लाकडावर लाथ बसली तर बोटं मोडतील. तसंच एका होलवर जास्तीत जास्त किती किक याची मर्यादाही बऱ्याच ठिकाणी असते. ती ओलांडली की तेवढा आकडा कार्डावर लिहून पुढच्या होलकडे जायचं, म्हणजे मागचा गट ताटकळत नाही. हे तपशील पार्कागणिक बदलतात, म्हणून तिकिटाबरोबर मिळालेलं कार्ड आधी वाचावं. फुटगोल्फमध्ये महासंघाची नियमावली पाठ असली की जगात बहुतेक कुठेही चालते.

महाराष्ट्रात हे करायचं झालं तर कोणता खेळ घ्यावा? माझं उत्तर ठाम आहे: सॉकरगोल्फ. फुटगोल्फसाठी आधी गोल्फ कोर्स लागतो. आपल्याकडे ते मोजके, बहुतेक सभासदांपुरते, आणि पाणी भरपूर पिणारे. सॉकरगोल्फला पडीक माळ पुरतो. राज्याने 2020 मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा केंद्रांची चर्चा वाढली आहे. हुरडा पार्टी आणि बैलगाडीच्या फेरीनंतर पाहुण्यांना दोन तास गुंतवून ठेवेल असं काय द्यायचं हा तिथला खरा प्रश्न असतो. जुने टायर, बांबू, ओंडके आणि थोडा उतार एवढ्यावर नऊ होलचा मार्ग उभा राहू शकतो. कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात, जिथे तालमींच्या फुटबॉल सामन्यांना शाहू स्टेडियम भरून जातं, खेळाडूंची उणीव तर नक्कीच भासणार नाही.

आखणी करताना मात्र आपली जमीन ओळखून करावी. युरोपातलं गवत चेंडूचा वेग खातं. आपला उन्हाळ्यातला मुरमाड माळ खात नाही, उतारावर चेंडू सुटला की थेट ओढ्यात. म्हणून अडथळे चढाच्या दिशेने मांडावेत आणि होलच्या मागे मातीचा बुटका बांध घालावा. पावसाळ्यात होलमध्ये पाणी साचतं, तेव्हा तळाला निचऱ्यासाठी खडी टाकावी, नाहीतर होलऐवजी जाळीचं लक्ष्य ठेवावं. सगळ्यांत मोठा शत्रू बाभळीचा काटा. मार्गाच्या दोन्ही बाजूंची बाभूळ आणि पडलेले काटे दर आठवड्याला काढावे लागतील, आणि हवेचा पंप व जादा चेंडू हाताशी ठेवावे लागतील. ओढ्यात गेलेल्या चेंडूसाठी फुटगोल्फचा पाण्याचा नियम जसाच्या तसा उचलायला हरकत नाही: एक किक दंड, काठापासून दोन मीटरच्या आत ठेवा, पुढे मारा. पहिल्या होलच्या पाटीवर हे लिहिलेलं असावं, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत, टायरमधून गेल्याशिवाय होल मोजला जाणार नाही.