नदी मोजली, घरं मोजायची राहिली

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी आधी विचारतो ती पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी हेच आकडे ४० आणि ४५. लोकांना ते तोंडपाठ आहेत, आणि घर कधी सोडायचं हे त्यांवरूनच ठरतं. पण मागे सोडलेलं घर पाण्यात किती दिवस तग धरेल, हे त्या आकड्यांतून कळत नाही. पुराच्या मोजमापाचा आपल्याकडचा इतिहास बराचसा नदीचा आहे, घराचा फार थोडा.

नदीकाठची जुनी वस्ती हा हिशेब कागदाविना करायची. गावठाण उंचवट्यावर, पांढरीत, म्हणजे वस्तीसाठी राखलेल्या जमिनीत. काळी जमीन पिकासाठी. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या नृसिंहवाडीत तर पूर येणार हे गृहीतच धरलेलं आहे. मंदिरात पाणी चढू लागलं की उत्सवमूर्ती वरच्या नारायणस्वामी मंदिरात जाते. कोणी काय आणि कुठे हलवायचं, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं आहे. समाजाची पुराला तोंड देण्याची तयारी म्हणतात ती हीच. पुढे वस्ती गावठाणाबाहेर, खालच्या शेतात उतरली आणि हा हिशेब मागे पडला.

सरकारी हिशेब उशिरा सुरू झाला. केंद्रीय जल आयोगाने १९७५ मध्ये पूरमैदानाच्या, म्हणजे पुरात बुडणाऱ्या नदीकाठच्या सपाटीच्या, वापरावर मर्यादा घालणारा नमुना कायदा राज्यांकडे पाठवला. फार थोड्या राज्यांनी तो मनावर घेतला. महाराष्ट्रात पाटबंधारे खात्याच्या १९८९ च्या परिपत्रकाने पूररेषांची पद्धत घालून दिली: साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन रेषांच्या मध्ये अटी. त्यातली मोठी अट जोतं, म्हणजे घराचा चौथरा, लाल रेषेच्या वर घेण्याची. अट चांगली आहे, पण ती नव्या बांधकामाला लागू होते. रेषा आखण्याआधीपासून उभ्या असलेल्या घराबद्दल ती काहीच सांगत नाही.

घराकडे देशाचं लक्ष वळवलं ते भूकंपाने. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीनंतर केंद्राने तज्ज्ञगट नेमला आणि त्यातून १९९७ मध्ये ‘व्हल्नरेबिलिटी ॲटलास ऑफ इंडिया’ आला. कोणत्या जिल्ह्यात मातीच्या, विटांच्या, दगडांच्या भिंतींची किती घरं आहेत आणि भूकंप, वादळ, पूर यांत त्यांना किती धोका, हे त्यात जनगणनेच्या आधारे मांडलं होतं. २००६ आणि २०१९ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. काम मोलाचं आहे, पण त्याचं माप जिल्ह्याचं. गगनबावड्याचा डोंगर आणि शिरोळची सपाटी एकाच कोल्हापूर जिल्ह्यात मोडतात. पुराच्या दृष्टीने त्यांच्यात काहीही साम्य नाही.

त्यानंतर २०१९ चा ऑगस्ट आला. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांपार गेलं, आयर्विनला ५७ च्या वर. पुराची कारणं शोधायला नंदकुमार वडनेरे समिती नेमली गेली. तिने २०२० मध्ये अहवाल दिला, आणि बहुतेक चर्चा कृष्णेवरचं कर्नाटकातलं अलमट्टी धरण पुराला दोषी की निर्दोष यावरच अडकली. समितीने अलमट्टीला जबाबदार धरलं नाही. अतिवृष्टीबरोबर नदीपात्रातल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवलं. जुलै २०२१ मध्ये कोल्हापुरात पाणी पुन्हा तितकंच चढलं.

आजही घराची पाहणी होते ती पूर ओसरल्यावर, पंचनाम्यात: कच्चं की पक्कं, पडझड पूर्ण की अंशतः. कपड्या-भांड्यांच्या मदतीसाठी घर दोन दिवसांहून अधिक पाण्यात असल्याची अट असते. मातीच्या भिंतीला ही दोन दिवसांची मर्यादा कळत नाही. तळाचे थर भिजून मऊ होतात, आणि पाणी उतरल्यावर, आतबाहेरचा आधार गेला की, छपराच्या भाराने ती बसते. म्हणजे माणसं परतून आवराआवर करत असताना धोका सर्वाधिक असतो. सिमेंट-काँक्रीटचं घर उभं राहतं, पण पाया काळ्या मातीत असेल तर ती फुगून आकसते आणि भिंतींना तडे जातात.

माझ्या मते पावसाळ्याआधी ग्रामपंचायतीने घरोघर एवढं तरी नोंदवायला हवं: जोतं लाल रेषेपासून किती वर-खाली, भिंत कशाची, सामान चढवायला माळा किंवा गच्ची आहे का, आणि जनावरं कुठे न्यायची. शेवटचा मुद्दा सर्वात महत्त्वाचा, कारण गोठ्यात म्हशी असताना माणूस बोटीत बसत नाही. कृष्णा खोऱ्यासाठी जागतिक बँकेच्या मदतीने राज्याने हाती घेतलेल्या पूरनियंत्रण प्रकल्पात पुराचं पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याची चर्चा सर्वात मोठी आहे. घरोघरच्या या नोंदीला त्या तुलनेत खर्च नगण्य येईल, आणि तलाठी-ग्रामसेवक तर गावात आहेतच.