पालिकेचा हिशेब वेगळा, शहराचा वेगळा

लहान-मध्यम शहराचा पर्यावरण कार्यक्रम आखताना पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारतं, ‘आपलं कार्बन उत्सर्जन किती?’ सगळा घोळ त्या ‘आपलं’मध्ये आहे. पालिकेचं की शहराचं?

पालिकेचं म्हणजे ती स्वतः जे चालवते त्याचं: पथदिवे, पाण्याचे पंप, सांडपाणी केंद्र, कचऱ्याच्या गाड्या, कार्यालयं. शहराचं म्हणजे हद्दीतली घरं, दुकानं, कारखाने, रस्त्यावरची वाहनं, सगळंच. शहराची मोजदाद कशी करायची याचे जगभर वापरले जाणारे नियम २०१४ साली वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट, सी४० आणि इक्ली या संस्थांनी मिळून आणले. त्या आकड्यात पालिकेचा स्वतःचा वाटा बहुतेक ठिकाणी मोजक्या टक्क्यांचाच निघतो.

मग तेवढ्यासाठी कशाला खपायचं? कारण तिथे कुणाचं मन वळवावं लागत नाही. वीजबिलं कपाटातच असतात आणि त्यातली मोठी बिलं बहुधा पाणीपुरवठ्याची. पंप पूर्ण वेगाने फिरतोय आणि पाणी कमी हवं म्हणून व्हॉल्व्ह अर्धा आवळून ठेवलाय, हे दृश्य पंपघरात नवीन नाही. म्हणजे एक पाय ॲक्सिलरेटरवर, दुसरा ब्रेकवर. व्हॉल्व्ह उघडून पंपाचाच वेग कमी केला तर वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते: वेग ८० टक्के, वीज साधारण निम्मी. पाणी फार उंचावर चढवायचं असेल तर बचत एवढी होत नाही, हे मात्र आधी तपासावं. गळतीही याच हिशेबात धरा. वाटेत गळून गेलेल्या पाण्यालाही वीज लागलेलीच असते.

शहराच्या हिशेबात असं बटण नसतं. तिथे बांधकाम परवानगीचे नियम, बसमार्ग, पार्किंगचे दर, जमीनवापर अशी आडून चालणारी हत्यारं आणि दहा-वीस वर्षांचा धीर लागतो. अमेरिकेतल्या बर्लिंग्टनचं उदाहरण घ्या. वस्ती अर्ध्या लाखाच्याही आत, पण वीजकंपनी शहराच्या मालकीची. २०१४ मध्ये तिने जलविद्युत केंद्र विकत घेतलं आणि गावाला लागेल तेवढी सगळी वीज अक्षय स्रोतांतून घेऊ लागली. घरं तापवणारा गॅस आणि गाड्यांचं इंधन मात्र उरलंच. त्यासाठी २०३० चं वेगळं उद्दिष्ट ठेवावं लागलं.

लहान पालिकेत हे सगळं बघायला बहुधा एकच माणूस असतो, तोही दुसरी कामं सांभाळून. त्याने पंपापासून सुरुवात करावी, असं माझं मत. फक्त ‘पालिकेने ३० टक्के कपात केली’ हे वाक्य फलकावर ‘शहराने ३० टक्के कपात केली’ असं होऊ देऊ नये. अहवालात दोन तक्ते वेगळे ठेवावेत आणि त्यांची बेरीज करू नये, कारण पालिकेचा बराचसा आकडा शहराच्या आकड्यात आधीच धरलेला असतो. बराचसा, सगळा नव्हे: धरणावरचं पंपघर हद्दीबाहेर असलं तरी त्याचं बिल पालिकाच भरते.