आभाळ

आभाळ (नपुंसकलिंगी नाम, वऱ्हाडी बोलीत 'आभाय') म्हणजे आकाश, आणि आकाशात जमलेले ढगही. शहरी वाचकाला हा शब्द कवितेतला वाटतो. रोजच्या बोलण्यात तो 'आकाश' म्हणतो, आणि 'आभाळ' माया, विरह, आठवण यांच्यासाठी राखून ठेवतो. विदर्भाच्या खेड्यात मात्र हा अगदी कामाचा शब्द आहे, आणि तिथे त्याचा जुना अर्थ अजून शाबूत आहे.

उन्हाळ्यात अंगणातल्या खाटेवर पापड वाळत घातलेले असतात. दुपार कलते, ऊन अचानक मंद होतं आणि सासू घरातूनच सुनेला हाक मारते, "आभाय आलं वं, पापड उचल." आकाश तर सकाळपासून तिथंच होतं. आले ते ढग. 'आभाळ पांगलं', 'आभाळ निवळलं' या प्रयोगांतही ढगच अभिप्रेत आहेत, कारण आकाश कधी पांगत नाही. तूर फुलावर आली की आभाळाची धास्ती आणखी वाढते. ढगाळ हवेत शेंगा पोखरणाऱ्या अळीचा जोर होतो, त्यात पहाटे धुवारी म्हणजे धुकं पडलं की फूल गळतं. त्या दिवसांत 'चार दिवस झाले आभाय हाये' हे वाक्य हवामानापेक्षा फवारणीच्या खर्चाबद्दल असतं.

शब्दाचं मूळ संस्कृत 'अभ्र' म्हणजे ढग. प्राकृतात त्याचं 'अब्भ' झालं. पुढे जोडाक्षर सुटून आधीचा स्वर लांबला, जसं 'हत्थ'चं 'हात' झालं तसंच, आणि 'आभ' उरलं. गुजरातीत आकाशाला आजही 'आभ' म्हणतात. मराठीने त्याला मागे 'ळ' जोडला. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो (डोळा-डोया, शाळा-शाया), म्हणून 'आभाय'. याला अशुद्ध म्हणण्याची शाळामास्तरी सवय आहे, पण हा बदल नियमाने होतो, चुकून नाही.

ढगावरून आकाशाकडे हा अर्थाचा प्रवास मराठीने सुरू केलेला नाही. अमरकोशात 'अभ्र' मेघाच्या नावांत येतं, तसंच आकाशाच्या नावांतही येतं. कोकणीत आकाशाला 'मळब' म्हणतात. तोच शब्द मराठीत 'मळभ' या रूपात अजून ढगाळपणाच दाखवतो. इंग्रजीतला 'स्काय'सुद्धा जुन्या नॉर्स भाषेतल्या ढगवाचक शब्दावरून आला आहे. पावसावर जगणारी माणसं वर पाहतात ती ढगासाठी, त्यामुळे ढगाचं नाव आकाशाला चिकटलं तर त्यात फारसं नवल नाही. फारसीतला 'अब्र' म्हणजे ढग हा आपल्या अभ्राचा सख्खा भाऊ, तर अभ्रक हे खनिज त्याच घरातलं. गंमत 'निरभ्र'ची आहे. त्याचा अर्थ ढग नसलेलं. म्हणजे 'निरभ्र आभाळ' असं लिहिणारा कवी व्युत्पत्तीच्या हिशेबाने 'बिनढगाचे ढग' लिहीत असतो. चालतं ते, शब्द आपलं मूळ विसरूनच रुळतात.

'नभ'ची कथाही अशीच आहे. संस्कृत 'नभस्' म्हणजे आधी धुकं, वाफ, ढग, आणि मग आकाश. लॅटिनमधला 'नेब्यूला' त्याच कुळातला. शिवाय 'नभस्' हे श्रावणाचं वैदिक नाव आहे आणि 'नभस्य' भाद्रपदाचं. नागपूर जिल्ह्यातलं रामटेक हीच 'मेघदूता'तली रामगिरी, असं मत संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी मांडलं. त्या काव्यात आषाढाच्या पहिल्या दिवशी शिखराला बिलगलेला ढग यक्षाला दिसतो, आणि पुढे 'प्रत्यासन्ने नभसि' असे शब्द येतात. घाईत वाचणाऱ्याला तिथे आकाश जवळ आल्यासारखं वाटतं. जवळ आलेला असतो तो श्रावण.

बाकीच्या समानार्थी शब्दांना ढगाचा असा वास नाही. 'आकाश' प्रकाशण्याच्या धातूवरून आला आणि पंचमहाभूतांत जाऊन बसला. 'अंबर' म्हणजे वस्त्रही (पीतांबर, दिगंबर). 'गगन' पद्यातच शोभतो. 'अस्मान' फारसीतून आला. त्याचं नातं संस्कृत 'अश्मन्' म्हणजे दगडाशी लागतं, कारण आकाश ही दगडाची कमान आहे अशी एक फार जुनी कल्पना होती. विदर्भातल्या कोरडवाहू कापूसवाल्याला हा शब्द मुख्यतः 'अस्मानी-सुलतानी' या जोडीत भेटतो. अस्मानी म्हणजे दुष्काळ, गारपीट, अवकाळी. सुलतानी म्हणजे सरकारकडून आणि बाजाराकडून येणारी.

वाक्प्रचारांत दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले आहेत. 'आभाळ ठेंगणं होणं' यात आकाश आहे, 'आभाळ भरून येणं' यात ढग. 'आभाळ फाटणं' दोन्हीकडे चालतं. 'आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावायचं?' या म्हणीत शहरातल्या माणसाला दुःख ऐकू येतं. ज्याच्या नाल्याकाठच्या वावरातली माती एका रात्रीत वाहून गेली, तो तेच शब्द वर्तमानपत्रातल्या 'ढगफुटी'च्या जागी वापरतो, आणि त्याला ठिगळ लावायचं असतं ते धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला.