निर्णय चुकला की फसला?

रव्याच्या लाडवांना एकतारी पाक हवा असताना गप्पांच्या नादात तो दोनतारी झाला आणि लाडू दगड झाले, तर पाक चुकला. पाक बरोबर एकतारी होता, पण तूपच खवट निघालं, तर लाडू फसले. ताटात दोन्ही सारखेच वाईट. पण पुढच्या वेळी काय बदलायचं, हे मात्र चुकलं की फसलं यावर ठरतं. पहिल्या बाबतीत हात बदलायचा, दुसऱ्या बाबतीत दुकान.

हा फरक मला स्वयंपाकघरात नाही, फुटबॉल बघताना नीट कळला. अमेरिकन फुटबॉल, तोही कॉलेजचा. इथे जॉर्जियात राहून त्यापासून सुटका नसते.

४ डिसेंबर २०२१च्या संध्याकाळी अटलांटात जॉर्जिया विद्यापीठाचा संघ अलाबामाकडून ४१–२४ असा हरला. त्याआधी सलग १२ सामने जिंकलेला हा संघ. त्याच्या बचावाविरुद्ध सामन्याला सरासरी सात गुणसुद्धा कुणाला करता आले नव्हते. मी शेजाऱ्यांच्या बेसमेंटमध्ये बसून बघत होतो. चौथ्या क्वार्टरमध्ये जॉर्जियाच्या स्टेट्सन बेनेटचा पास अलाबामाच्या जॉर्डन बॅटलनं मधल्या मध्ये झेलला आणि ४२ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला, म्हणजे चेंडू थेट जॉर्जियाच्या टोकाच्या पट्ट्यात नेला. धावफलक ३८–१७. शेजारी उठले, टीव्हीकडे पाठ केली आणि म्हणाले, "डॅनियल्सला का नाही खेळवत हा माणूस?" हा माणूस म्हणजे प्रशिक्षक कर्बी स्मार्ट, आणि डॅनियल्स म्हणजे बेनेटच्याच जागेचा, क्वार्टरबॅकचा, दुसरा खेळाडू.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी थोडं. आक्रमणाच्या जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. फेकायचा, दुसऱ्याला द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो. क्रिकेटमध्ये कप्तान, सलामीवीर आणि शेवटची ओव्हर टाकणारा एकच असता तर त्याच्या निवडीवर किती वाद झाले असते, तितके इथे क्वार्टरबॅकवर होतात.

बेनेट हा 'वॉक-ऑन' म्हणून आलेला, म्हणजे खेळाच्या शिष्यवृत्तीशिवाय संघात शिरलेला मुलगा. उंची जेमतेम ५ फूट ११ इंच. २०१८मध्ये तो मिसिसिपीतल्या एका ज्युनियर कॉलेजात निघून गेला होता आणि वर्षभरानं परत आला. जेटी डॅनियल्स शाळेत असल्यापासून नावाजलेला, कॅलिफोर्नियातून आलेला, लांब फेकणारा. हंगामाची सुरुवात त्यानंच केली होती. क्लेमसनला १०–३ असं हरवलं तेव्हा क्वार्टरबॅक तोच होता. मग दुखापतींनी तो आत-बाहेर होत राहिला, बेनेट आला आणि ऑक्टोबरपासून हरलाच नाही. नोव्हेंबरात डॅनियल्स खेळण्याइतपत बरा झाला, तरी स्मार्टनं बेनेटला हलवलं नाही.

मग ४ डिसेंबरला काय झालं? निर्णय चुकला की फसला?

हे तपासायची माझी पद्धत साधी आहे. निकाल हातानं झाकायचा आणि विचारायचं, त्या दिवशी सकाळी त्या माणसाला काय माहीत होतं? स्मार्टला माहीत होतं की चालू गाडी बिघडलेली नाही. बेनेटचे पाय हलके, दबाव आला की तो जागा सोडून पळू शकतो. डॅनियल्सच्या गुडघ्याचा लिगामेंट २०१९मध्ये फाटला होता आणि या हंगामातही तो दोनदा जायबंदी झाला होता. शिवाय रोजचा सराव स्मार्टनं बघितलेला, आपण नाही. एवढ्या माहितीवर बेनेटला खेळवणं हा मला तरी सरळ निर्णय वाटतो.

आता निकालावरचा हात काढू. बेनेटनं ३४० यार्ड फेकले, तीन टचडाउन दिले, दोन पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात घातले. अलाबामाच्या ४१ गुणांपैकी त्या बॅटलच्या धावेचे ७ सरळ बेनेटच्या नावावर टाका. उरलेले ३४ कुणाच्या? त्या नावाजलेल्या बचावाला अलाबामाचा क्वार्टरबॅक ब्राइस यंगला एकदाही चेंडूसकट पाडता आलं नाही आणि त्यानं ४२१ यार्ड फेकले. डॅनियल्स आला असता तर तो काही यंगला पाडायला धावला नसता. पण हरल्यावर बोट क्वार्टरबॅककडेच जातं. बचावात अकरा जण, रागवायचं कुणावर?

म्हणजे निर्णय फसला. चुकला नव्हता.

इथे मात्र शेजाऱ्यांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी, कारण त्यांचा राग अगदीच बिनबुडाचा नव्हता. त्या हंगामात त्या दिवसापर्यंत जॉर्जिया फारशी पिछाडीवर पडलीच नव्हती. मागे पडून सतत फेकत राहायची वेळ आली तर बेनेटचं काय होतं, हे त्या हंगामात कुणी बघितलं नव्हतं. ते आता दिसलं. तेव्हा 'बेनेटला खेळवायलाच नको होतं' हे म्हणणं चूक असलं, तरी 'पुढच्या सामन्यात बेनेटच का?' हा प्रश्न अगदी रास्त होता. जुना निर्णय नव्या माहितीवर तोलायचा नाही, पण नवा निर्णय नव्या माहितीवरच घ्यायचा. रागाच्या भरात माणसं ही दोन वाक्यं एका श्वासात बोलतात आणि मग दोन्हींवर भांडतात.

स्मार्टनं नवा निर्णयही तोच घेतला. ३१ डिसेंबरला मिशिगनला ३४–११ असं हरवलं आणि १० जानेवारी २०२२ला इंडियानापोलिसमध्ये पुन्हा अलाबामा समोर. चौथ्या क्वार्टरमध्ये बेनेट पडता पडता चेंडू हातातून सुटला, सीमारेषेजवळ अलाबामाच्या ब्रायन ब्रँचनं तो अगदी सहज, जाता जाता उचलल्यासारखा धरला, आणि पंचांनी तो अलाबामाचा ठरवला. लगेच टचडाउन, १८–१३. पिछाडी, वेळ कमी, तोच बेनेट. शेजाऱ्यांच्या प्रश्नाची परीक्षाच जणू. त्यानं अडोनाय मिचेलला ४० यार्डांचा पास दिला, मग ब्रॉक बावर्सला १५ यार्डांचा. शेवटी कीली रिंगोनं यंगचा पास झेलून ७९ यार्ड पळत टचडाउन केला आणि ३३–१८ झालं. १९८०नंतर पहिल्यांदाच राष्ट्रीय विजेतेपद. बेनेट मैदानाच्या कडेला रडत होता.

लगेच सगळीकडे 'स्मार्ट बरोबरच होता' सुरू झालं. पण हेही तेच, उलट्या बाजूनं. अलाबामाचा जॉन मेची डिसेंबरच्या सामन्यातच गुडघा दुखावून बाहेर पडला होता आणि जेमिसन विल्यम्स इंडियानापोलिसला दुसऱ्या क्वार्टरमध्ये. यंगचे दोन सर्वोत्तम झेलणारे गेले. ते दोघे असते आणि जॉर्जिया हरली असती, तर बेनेटची निवड त्यामुळे वाईट ठरली असती का? हरल्यामुळे निर्णय चुकत नाही, तसा जिंकल्यामुळे बरोबरही ठरत नाही.

मग खरोखर चुकलेला निर्णय कसा दिसतो? याच प्रशिक्षकाचा एक आहे, तोही क्वार्टरबॅकशी जोडलेला. १ डिसेंबर २०१८, पुन्हा अटलांटा, पुन्हा अलाबामा. २८–२८, तीन मिनिटं उरलेली. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात आणि चौथ्यात सहसा चेंडू लाथेनं लांब मारून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलतात, त्याला पंट म्हणतात. जॉर्जिया बरोबर मैदानाच्या मध्यावर, चौथा प्रयत्न, ११ यार्ड हवेत. स्मार्टनं पंटचा देखावा केला आणि पंटच्या रांगेत जस्टिन फील्ड्सला उभं केलं. तो संघातला दुसरा क्वार्टरबॅक, पळण्यात तरबेज. त्याला तिथे उभा बघून कुणाला संशय येणार नाही? अलाबामानं पंट झेलणाऱ्यांऐवजी नेहमीचा बचावच मैदानात ठेवला होता. फील्ड्स दोन यार्ड गेला. मध्यावर चेंडू मिळालेल्या अलाबामानं टचडाउन करून सामना ३५–२८ जिंकला. निकाल झाकून बघा, मत बदलत नाही. फील्ड्स नशिबानं ११ यार्ड गेला असता, तरी मी याला चूकच म्हटलं असतं, फक्त ती निभावून गेली असती.

आणि एक असंही आहे जे मला कुठल्याच खान्यात नीट घालता येत नाही. त्या २०१८च्या हंगामात स्मार्टचा मुख्य क्वार्टरबॅक जेक फ्रॉम होता. आदल्या वर्षी पहिल्याच हंगामात त्यानं संघाला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेलं होतं. अशा मुलाला बाजूला सारून नवख्या फील्ड्सला आणायचं कसं? झाकून बघितलं तर निर्णय ठीक. फील्ड्स वैतागून ओहायो स्टेटला गेला, तिथे मोठा झाला, संघाला राष्ट्रीय अंतिम सामन्यात घेऊन गेला. जॉर्जिया फ्रॉमसोबत २०१९मध्ये लुइझियाना स्टेटकडून ३७–१० हरली. म्हणजे फसला, असं म्हणून मी सुटतो. पण शेजारी सोडत नाहीत. त्यांचं म्हणणं, रोजचा सराव स्मार्ट बघत होता ना? मग सरावात फील्ड्स काय चीज आहे हे त्याला सगळ्यात आधी दिसायला हवं होतं. बेनेटच्या वेळी मीच वापरलेला मुद्दा ते माझ्यावर उलटवतात, आणि मी चहा घ्यायला वर जातो.