गारलंड यांची सनद आणि १८६५ची शपथ

ऑगस्टस गारलंड आठ वर्षे सिनेटर होते, पुढे ॲटर्नी जनरलही झाले. पण कायद्याच्या पुस्तकांत ते उरले ते वकिलीच्या सनदेपायी. आर्कान्सातल्या या वकिलाला १८६० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाची सनद मिळाली. पुढच्याच वर्षी यादवी युद्ध पेटले; दक्षिणेच्या फुटीला आधी विरोध करून ते फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या काँग्रेसमध्ये (कायदेमंडळात) गेले आणि अखेरीस तिच्या सिनेटमध्ये.

अमेरिकी काँग्रेसने १८६२ मध्ये घातलेली निष्ठेची शपथ सरकारी पदांपुरती होती: शस्त्र उचललेले नाही, बंडाला मदत केलेली नाही, शत्रुसत्तेचे पद मागितले वा स्वीकारलेले नाही. २४ जानेवारी १८६५च्या कायद्याने ती केंद्रीय न्यायालयांतल्या वकिलांनाही लावली. गारलंड पदाच्या मुद्द्यावर अडकले. जुलैमध्ये राष्ट्राध्यक्षांची पूर्ण माफी हाती आली, तरी भूतकाळाबद्दलची शपथ माफीने खरी होत नाही. त्यामुळे शपथेशिवाय काम करू द्या, असा अर्ज त्यांनी केला.

हा कायदा पूर्वलक्षी, म्हणून संविधानाविरुद्ध, असा त्यांचा एक मुद्दा होता. इथे 'पूर्वलक्षी' हा शब्द फसवतो. मागल्या तारखेपासून लागू होणाऱ्या कुठल्याही कायद्याला, अगदी कराच्याही, आपण पूर्वलक्षी म्हणतो. अमेरिकी संविधानातली मनाई मात्र १७९८च्या निकालापासून दंडविधानापुरतीच मानली जाते. म्हणजे सगळा खटला एका प्रश्नावर आला: सनद वापरता न येणे ही शिक्षा, की नुसती अपात्रता?

१४ जानेवारी १८६७ला पाच विरुद्ध चार असा निकाल लागला. बहुमत म्हणाले, वकील हा सरकारी अधिकारी नव्हे. गैरवर्तनाबद्दल त्याला काढायचे ते न्यायालयाने. जुन्या कृत्यासाठी कायद्याने दार बंद करणे म्हणजे खटल्याविना शिक्षा, आणि माफीनंतर तीही उरत नाही. अल्पमताच्या मते वकिली ही सवलत असून तिच्या अटी काँग्रेस ठरवू शकते. पात्रतेच्या मुद्द्यावर हे उत्तर वाटते तितके लेचेपेचे नाही. बहुमताचा खरा जोर माफीच्या भागात आहे.

सनद वाचली, सिनेटचे दार मात्र तेव्हा उघडले नाही. आर्कान्साने निवडून पाठवूनही त्यांना बसू दिले नाही. १८७४ मध्ये ते गव्हर्नर झाले, १८७७ मध्ये सिनेटर. १८८५ ते १८८९ ॲटर्नी जनरल असताना, सिनेटर असताना मिळालेले एका टेलिफोन कंपनीचे शेअर त्यांना भोवले: त्याच कंपनीच्या फायद्याचा पेटंट-दावा सरकारने लावला आणि काँग्रेसची चौकशी झाली.

२६ जानेवारी १८९९ला सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद करतानाच ते कोसळले आणि गेले. दालन तेच होते, जिथे बत्तीस वर्षांपूर्वी त्यांच्या सनदेचा निकाल लागला होता.