रोहित पक्षी : अधिवास आणि हवामान

रोहित, अग्निपंख किंवा आता सर्रास फ्लेमिंगो या नावाने ओळखला जाणारा पाणथळ पक्षी. काठीसारखे लांब पाय, तितकीच लांब मान, मध्यावर एकदम खाली वाकलेली जाड चोच आणि गुलाबी-पांढरा पिसारा ही त्याची ओळख. ‘रोहित’ म्हणजे लाल. शास्त्रीय नावातला ‘फिनिकोप्टेरस’ हा मूळचा ग्रीक शब्दही ‘किरमिजी पंखांचा’ एवढेच सांगतो, म्हणजे मराठीतले अग्निपंख हे नाव त्याच्या फार लांब नाही. गुजरातीत त्याला सुरखाब म्हणतात आणि मोठा रोहित हा गुजरातचा राज्यपक्षी आहे. हिंदी वाक्प्रचारात ज्याचे पंख लागतात तो सुर्खाब मात्र वेगळा. तो आपला चक्रवाक.

उंच पायांमुळे पूर्वी त्याला करकोच्यांच्या किंवा बगळ्यांच्या गोतावळ्यात बसवत. जनुकीय अभ्यासातून पुढे आलेला त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे गावतळ्यात सतत बुड्या मारणारी बुटकी टिबुकली आणि तिचे कुळ. दोघांना शेजारी उभे केले तर हे नाते कोणालाही पटणार नाही.

रोहित हा उष्ण प्रदेशातला पक्षी असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धवट आहे. जगात त्याच्या सहा जाती आहेत. मोठा रोहित दक्षिण युरोप, आफ्रिका आणि आशियात, छोटा रोहित आफ्रिका आणि भारतीय उपखंडात, अमेरिकन रोहित कॅरिबियन समुद्राच्या आसपास, तर चिलीचा, अँडीजचा आणि पुना असे तीन रोहित दक्षिण अमेरिकेत आढळतात. यांपैकी शेवटचे दोन अँडीज पर्वतातल्या उंच पठारांवर राहतात, जिथे हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याखाली २० अंशांच्याही खाली उतरतो. कझाकस्तानातले तेंगिझ सरोवर हिवाळ्यात गोठून घट्ट होते, तरी उन्हाळ्यात तिथे मोठ्या रोहितांची वीण होते. तेव्हा ऊन-थंडीपेक्षा या पक्ष्याला बांधून ठेवते ते पाणी. ते उथळ हवे, खारट किंवा क्षारयुक्त हवे, आणि शक्यतो त्यात मासे नसावेत, कारण रोहित जे बारीकसारीक जीव खातो तेच मासेही फस्त करतात. असे पाणी जिथे साचेल तिथे, मग ते वाळवंटात असो वा बर्फाळ डोंगरांत, रोहित पोहोचतो.

टांझानियातले नेट्रॉन सरोवर हे याचे टोकाचे उदाहरण. शेजारच्या ओल डोइन्यो लेंगाई ज्वालामुखीच्या परिसरातून येणाऱ्या सोड्यामुळे त्याच्या पाण्याचा सामू १० च्या वर जातो, आणि कडेचा चिखल उन्हाने इतका तापतो की माणसाचे पाय पोळतात. पक्षिनिरीक्षक लेस्ली ब्राऊन यांनी १९५४ मध्ये इथली वीण वसाहत विमानातून पाहिली आणि मग ती जवळून पाहण्यासाठी ते सोड्याच्या चिखलातून पायी निघाले. अर्ध्यातून परतेपर्यंत त्यांच्या पायांना गंभीर जखमा झाल्या होत्या. तरसाला किंवा कोल्ह्याला त्यातून चालत जाणे असेच अवघड, आणि नेमके तेच रोहितांच्या पथ्यावर पडते. पूर्व आफ्रिकेतले बहुतेक सगळे छोटे रोहित याच सरोवरावर जन्माला येतात. पिलांना मात्र याची किंमत कधीकधी मोजावी लागते. १९६२ मध्ये नेट्रॉनला पूर आला म्हणून पक्ष्यांनी केनियातल्या मागाडी सरोवरावर घरटी केली. तिथे हजारो पिलांच्या पायांभोवती सोडा साचून त्याची कडी तयार झाली आणि ती फोडून पिले वाचवण्यासाठी लोकांना पाण्यात उतरावे लागले.

अशा पाण्यात टिकायचे तर शरीराची तशी तयारी लागते. रोहिताच्या पायांची कातडी खवल्यांची आणि चिवट असते. अन्नाबरोबर पोटात जाणारे जादा मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथी वेगळे काढतात आणि ते नाकपुड्यांतून बाहेर गळते. पिण्यासाठी आणि पिसे धुण्यासाठी मात्र त्याला कमी खारे पाणी शोधावे लागते, म्हणून क्षारसरोवरांच्या काठी ओढ्याच्या मुखाशी किंवा झऱ्यांपाशी रोहितांची दाटी दिसते.

चोच हे या पक्ष्याचे खरे नवल. मान खाली घालून तो चोच पाण्यात उलटी धरतो, म्हणजे वरची चोच खाली आणि खालची वर. जाड, मांसल जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होत पाणी आत ओढते आणि बाहेर लोटते; चोचीच्या कडांना असलेल्या बारीक पट्ट्यांच्या गाळणीत अन्न अडकते. मोठ्या रोहिताची गाळणी जाड, त्यात मिठागरातली चिमुकली कोळंबी, किड्यांच्या अळ्या, बारीक शिंपले आणि बिया सापडतात. छोट्या रोहिताची गाळणी इतकी बारीक असते की सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागणारे निळे-हिरवे शेवाळही त्यातून सुटत नाही. त्यामुळे एकाच खाडीत दोन्ही जाती शेजारी-शेजारी चरतात आणि एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत.

पिसांचा रंगही याच अन्नातून येतो. शेवाळात आणि ते खाणाऱ्या कोळंबीत कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये असतात. गाजराला रंग देणारे द्रव्य त्याच घराण्यातले. यकृतात त्यांचे रूपांतर होऊन ती पिसांत उतरतात. पिलू राखाडी असते आणि पुरते गुलाबी व्हायला त्याला दोन-तीन वर्षे लागतात. स्पेनमधल्या मोठ्या रोहितांवरच्या अभ्यासात असेही दिसले, की विणीच्या आधी हे पक्षी शेपटीजवळच्या ग्रंथीतला रंगीत तेलकट स्राव गालाने पिसांवर चोळून रंग गडद करतात. याला नटणे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

थंडीत आणि उन्हात अंगातल्या उष्णतेचा तोल सांभाळण्याचे बरेचसे काम पायांकडे आहे. पायांत उतरणाऱ्या गरम रक्ताच्या धमन्या आणि वर परतणाऱ्या गार रक्ताच्या शिरा अगदी लगटून असतात. उतरणारे रक्त आपली ऊब चढणाऱ्या रक्ताला देऊन टाकते, त्यामुळे गार पाण्यात उभे राहूनही अंगातली उष्णता फारशी वाहून जात नाही. एक पाय पोटाखाली घेतला की ती आणखी वाचते. रोहित एका पायावर का उभा राहतो, या जुन्या प्रश्नाचे हे अर्धे उत्तर. २००९ मधल्या एका अभ्यासात, हवा गार असताना आणि पाण्यात असताना हे पक्षी एका पायावर जास्त वेळ उभे राहतात असे दिसले. दुसरे अर्धे उत्तर २०१७ मध्ये मिळाले: त्याच्या सांध्यांची रचना अशी आहे की एका पायावर उभे राहायला स्नायूंना जवळपास काहीच श्रम पडत नाहीत, इतके की मेलेला रोहितही एका पायावर तोलून उभा करता आला. आणि जो मागे वाकणारा ‘गुडघा’ आपल्याला दिसतो तो खरे तर घोटा आहे. गुडघा वर पिसांत लपलेला असतो.

या सगळ्यालाही मर्यादा आहे. बोलिव्हियातल्या लागुना कोलोराडा या ४,२०० मीटरहून उंच असलेल्या तांबड्या सरोवरावर पुना रोहित मोठ्या संख्येने वीण करतात. ही जात नामशेष झाली असे एके काळी मानले जात होते, ती १९५० च्या दशकात इथेच पुन्हा सापडली. हिवाळ्यात सरोवरे गोठू लागली की काही पक्षी गरम झऱ्यांमुळे उघड्या राहिलेल्या पाण्यापाशी थांबतात, बाकीचे खालच्या प्रदेशातल्या तळ्यांकडे उतरतात. युरोपात पाणी असे अचानक गोठणे फार महागात पडले. जानेवारी १९८५ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये कडाक्याची थंडी पडून खाजणे गोठली आणि सुमारे ३,००० मोठे रोहित मेले. थंडीपेक्षा उपासमारीने जास्त, कारण बर्फाखालचे अन्न चोचीला मिळत नाही. तिथल्याच कामार्गमध्ये १९७० मध्ये माणसांनी बेट बांधले, पुढे त्यावर मातीची खोटी घरटी मांडून ठेवली, आणि १९७४ पासून पक्ष्यांनी तिथे वीण सुरू केली.

खोटी घरटी चालतात, कारण रोहित एकटादुकटा घरटे बांधतच नाही. आधी थवाच्या थवा एकत्र नाचतो: माना ताठ करून डोकी इकडून तिकडे झटकणे, पंख पसरून मिटणे, दाटीवाटीने एका दिशेला चालणे आणि मध्येच सगळ्यांनी वळणे. मग चिखल ओढून छाटलेल्या सुळक्यासारखे घरटे उभे राहते, ३०-४० सेंटिमीटरपर्यंत उंच. उंचीमुळे अंडे वाढत्या पाण्यापासून वाचते आणि तापलेल्या जमिनीपासूनही. अंडे एकच. महिनाभर नर-मादी आळीपाळीने उबवतात आणि पिलाला अन्ननलिकेच्या वरच्या भागातून पाझरणारे लालसर, स्निग्ध ‘दूध’ पाजतात. आठवडा-दोन आठवड्यांनी पिले मोठ्या टोळीत राहू लागतात. हजारोंच्या गलक्यात आईबाप आपले पिलू आवाजावरून ओळखतात.

पाणी आटले किंवा जास्त चढले तर वसाहत अर्ध्यावर सोडली जाते, आणि काही वर्षे वीण होतच नाही. पन्नास वर्षांपर्यंत जगणाऱ्या पक्ष्याला हे परवडते.

कच्छच्या मोठ्या रणात हे चक्र सरळ दिसते. चांगला पाऊस झाला की रणात पाणी पसरते, ते हळूहळू आटत खारट होते आणि मधल्या उंचवट्यांवर घरट्यांचे ‘सुरखाबनगर’ वसते. सालिम अली १९४५ मध्ये तिथे गेले तेव्हा त्यांनी पाच लाखांच्या आसपास पक्ष्यांचा अंदाज केला होता. छोटे रोहितही रणात वीण करतात हे १९७० च्या दशकात पक्के झाले. महाराष्ट्रात रोहित वीण करत नाहीत, फक्त चरायला येतात: भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर आणि जायकवाडीवर प्रामुख्याने मोठे, मुंबईच्या खाड्यांत दोन्ही.

आज या पक्ष्यांपुढचा धोकाही पाण्याच्याच वाटेने येतो. पूर्व आफ्रिकेत गेल्या काही वर्षांत वाढलेल्या पावसाने नाकुरूसारखी सरोवरे चढली, पाण्यातला क्षार पातळ झाला आणि शेवाळ घटले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रह-चित्रांच्या अभ्यासाने हेच दाखवले. चिलीतल्या आताकामा क्षारभूमीत उलट प्रश्न आहे: लिथियमसाठी जमिनीखालचे खारे पाणी उपसले जाते. अँडीजचा रोहित सहा जातींत सर्वांत संकटग्रस्त गणला जातो, तर छोटा रोहित संख्येने सर्वांत मोठा असूनही मोजक्याच वीण-जागांवर विसंबून असल्याने संकटसमीप यादीत आहे.

मुंबईत शिवडी ते ऐरोली-भांडुपच्या चिखलपट्ट्यांवर हे थवे १९९० च्या दशकापासून मोठ्या संख्येने दिसू लागले. शहराच्या सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांनी खाडीत शेवाळ माजते आणि छोट्या रोहितांना ते फावते, असे अभ्यासक मानतात. नागरी व्यवस्थेला हे प्रशस्तिपत्र म्हणता येणार नाही. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा १,६९० हेक्टरांचा भाग रोहित अभयारण्य झाला, २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला, आणि अलीकडच्या हंगामांत पक्ष्यांची गणती लाखाच्या वर गेली आहे. ओहोटीला ते उघड्या चिखलात चरतात; भरतीला नेरूळ-उरणकडच्या तळ्यांवर आणि खाजणांत जाऊन टेकतात. ही विसाव्याची तळी बुजली किंवा त्यांत भरतीचे पाणी येणे थांबले, तर समोरची खाडी अभयारण्य असूनही भागत नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरात आलेले हे पक्षी मेअखेर-जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, पुन्हा गुजरातकडे निघतात. लांबचा प्रवास ते शक्यतो रात्री करतात. २० मे २०२४ च्या रात्री मुंबईत उतरणाऱ्या एका प्रवासी विमानाने घाटकोपरच्या आकाशात अशाच एका थव्याला धडक दिली. सुमारे चाळीस रोहित मेले आणि त्यांचे तुकडे रहिवासी वस्तीत पडले.