कॅनडाचा व्हिसा, वर्दीतली नोकरी आणि कलम ३५

मामा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मुलगी कॅनडात ब्रॅम्प्टनला, तिच्या घरी पाळणा हलणार होता, म्हणून सुपर व्हिसाची, म्हणजे तिथल्या मुलांकडे आईवडिलांना जास्त काळ राहू देणाऱ्या व्हिसाची, तयारी सुरू झाली. फॉर्म भरून देणाऱ्या एजंटाने सैन्यसेवेच्या प्रश्नापुढे परस्पर ‘नाही’ टाकलं आणि वर समजावलं, “काका, ‘हो’ लिहिलं की उगाच चौकशी लागते, सहा महिने जातात.” मामांनी ती प्रिंट त्याच्याच टेबलावर फाडली. वर्दी काय लपवायला घातली होती का, हा त्यांचा सवाल. कायद्याच्या हिशेबानेही मामाच बरोबर होते. का, ते सांगतो, कारण सातारा-सांगली-कोल्हापूरकडे निवृत्त फौजी आणि पोलीस घरोघरी आहेत आणि त्यांची मुलं आता टोरांटोच्या आसपास घरं घेऊ लागली आहेत.

हा प्रश्न फॉर्मवर आला कुठून?

कॅनडाचा इमिग्रेशन आणि निर्वासित संरक्षण कायदा जून २००२ पासून लागू आहे. त्यातलं कलम ३५ मानवी हक्कांची गंभीर पायमल्ली करणाऱ्यांना देशात येऊ देत नाही, आणि आलेच असतील तर बाहेर काढतं. नरसंहार, युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे यांच्या व्याख्या कॅनडाच्याच २००० सालच्या वेगळ्या कायद्यात आहेत.

या कलमामागचा विचार समजून घ्यायला लेऑन मुगेसेरा हे प्रकरण पाहावं. रवांडातला हा राजकारणी. २२ नोव्हेंबर १९९२ रोजी त्याने तुत्सी समाजाविरुद्ध चिथावणीखोर भाषण केलं. १९९३ मध्ये तो कुटुंबासह कॅनडात कायमचा रहिवासी म्हणून उतरला आणि क्वेबेकमध्ये विद्यापीठात रमला. पुढच्याच वर्षी रवांडात नरसंहार झाला. कॅनडा सरकारने त्याला हाकलायची कारवाई १९९५ मध्ये सुरू केली, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सरकारच्या बाजूने निकाल दिला, आणि माणूस प्रत्यक्षात विमानात बसला जानेवारी २०१२ मध्ये. २०१६ मध्ये रवांडाच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. भाषणाच्या आरोपांसोबत आणखी एक आरोप होता: रहिवासी होण्याच्या अर्जात ‘मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यात सहभाग होता का’ या प्रश्नाला त्याने ‘नाही’ लिहिलं होतं. आत आलेल्याला बाहेर काढायला सतरा वर्षं लागतात, म्हणून दारातच प्रश्न विचारायचे, हा त्यांचा हिशेब.

कलमाच्या कचाट्यात कोण येतं?

दोन प्रकार नीट वेगळे ठेवा. गोंधळ इथेच होतो.

पहिला प्रकार कृत्याचा. तुम्ही स्वतः असा गुन्हा केला, किंवा त्यात साथ दिली. कुठल्याही न्यायालयात शिक्षा झालेली असणं गरजेचं नाही. ‘तसं घडलं असावं असं मानायला वाजवी कारण’ एवढाच पुरावा अधिकाऱ्याला पुरतो. फौजदारी खटल्यातल्या पुराव्यापेक्षा ही पायरी खूप खालची आहे, आणि या कायद्याचा खरा दात तोच. मात्र नुसतं एखाद्या दलात असणं म्हणजे साथ देणं नव्हे. २०१३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने काँगोच्या एका माजी राजनैतिक अधिकाऱ्याच्या, एझोकोला यांच्या, प्रकरणात हे स्पष्ट केलं: सहभाग स्वेच्छेने, जाणूनबुजून आणि भरीव असला पाहिजे.

दुसरा प्रकार खुर्चीचा. एखादी राजवट सर्रास मानवी हक्क तुडवते असं कॅनडाच्या मंत्र्याने ठरवलं असेल, तर तिथले मंत्री, वरिष्ठ नोकरशहा, सैन्य आणि गुप्तचर यंत्रणांतले वरिष्ठ अधिकारी, राजदूत, न्यायाधीश हे सगळे केवळ पदामुळे अपात्र ठरतात. स्वतः काही केलं का, हा प्रश्नच उरत नाही. ‘वरिष्ठ’ म्हणजे कोण? अधिकाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेप्रमाणे त्या संस्थेच्या उतरंडीत वरच्या अर्ध्यात बसणारा. या यादीत सद्दाम हुसेनची इराकी राजवट आहे, तालिबानची पहिली राजवट आहे, सोमालियातली सियाद बारेची आहे, नोव्हेंबर २०२२ पासून इराणची आहे. भारत सरकार या यादीत नाही. याशिवाय कॅनडाने निर्बंध लादलेल्या व्यक्तींनाही दार बंद असतं, पण तो आपला विषय नाही.

भारत यादीत नाही, मग घाबरायचं कशाला? घाबरू नका, पण गाफीलही राहू नका. २०१० मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका निवृत्त जवानाला व्हिसा नाकारताना कॅनडाच्या अधिकाऱ्याने पत्रात त्या दलाला ‘कुप्रसिद्ध हिंसक’ ठरवलं. दिल्लीत गदारोळ झाला आणि कॅनडा सरकारने त्या भाषेबद्दल खेद व्यक्त केला. मे २०१७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या निवृत्त महानिरीक्षकांना वैध व्हिसा असूनही व्हँकुव्हर विमानतळावर अडवलं, कारण म्हणून हेच कलम पुढे केलं. पुन्हा निषेध, पुन्हा दिलगिरी. सरकारं एकमेकांना पत्रं पाठवतात तेव्हा ठीक असतं. अडकलेला माणूस मात्र विमानतळाच्या बाकावर एकटा बसलेला असतो. म्हणून कागद आधीच भक्कम हवेत.

फॉर्ममधले नेमके प्रश्न

पर्यटक आणि सुपर व्हिसाच्या अर्जात विचारतात: सैन्य, मिलिशिया, नागरी संरक्षण दल, सुरक्षा संघटना किंवा पोलीस दलात सेवा केली आहे का? स्वयंसेवक आणि राखीव दलंही यात मोडतात. म्हणजे राज्य राखीव पोलीस दल तर आलंच, होमगार्डमध्ये काढलेली चार वर्षंही आली. ‘हो’ लिहा, सोबत देश आणि तारखा द्या.

त्याच्याच आसपास खरा फसवा प्रश्न आहे: कैद्यांना किंवा नागरिकांना झालेली वाईट वागणूक, लुटालूट, धार्मिक स्थळांची विटंबना यांत तुम्ही भाग घेतला होता का, *किंवा ती पाहिली होती का?* ‘पाहिली होती का’ हे शब्द लोक वाचतच नाहीत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत बंदोबस्ताला असलेला हवालदार या प्रश्नाला सरळ ‘नाही’ कसा म्हणेल? पाहिलं असेल तर ‘हो’ लिहून पाच ओळींत सांगावं: कुठे, कधी, तुमची ड्युटी काय होती, तुम्ही काय केलंत. पाहणं हा गुन्हा नाही. लपवणं मात्र वेगळ्याच कलमात बसतं: खोटी किंवा अपुरी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षांची बंदी. फौजेत असणं हे कारण नसताना फौज लपवल्यामुळे दार बंद व्हायचं, याइतकं दुर्दैव नाही.

आईवडिलांना कायमचं नेण्यासाठी स्पॉन्सर करत असाल तर ‘परिशिष्ट ए’ हा पार्श्वभूमीचा फॉर्म अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला भरावा लागतो. तो जास्त खोलात जातो: शाखा, युनिटचा क्रमांक, कमांडिंग ऑफिसरांची नावं, हुद्दे, प्रत्यक्ष लढाईत कुठे आणि कधी होतात, सेवा का संपली. शिवाय सरकारी पदांचा वेगळा रकाना असतो, त्यात पोलीस, न्यायाधीश, महापौर, अगदी रुग्णालय प्रशासकही येतात. मागच्या दहा वर्षांचा हिशेब महिन्यागणिक हवा. ‘घरीच होतो’ हेही लिहायचं, रिकामी जागा चालत नाही.

कागदपत्रं

माजी सैनिकांनी डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शनचा आदेश) आधी काढून ठेवावं. डिस्चार्ज बुकात युनिट, बदल्या, पदकं, चारित्र्याचा शेरा असं सगळं एका जागी मिळतं, त्यामुळे फॉर्म तेच समोर ठेवून भरा. बुक हरवलं असेल तर आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय त्यात मदत करतं. पोलीस आणि कारागृह कर्मचाऱ्यांनी सेवापुस्तकाचा उतारा, बढती-बदलीचे आदेश, निवृत्तीचा आदेश घ्यावा. कधी खात्यांतर्गत चौकशी झाली असेल, कोठडीतल्या मारहाणीची तक्रार झाली असेल, तर तिचा अंतिम आदेश किंवा न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित प्रत शोधाच. ‘निर्दोष सुटलो, विषय संपला’ असं आपण म्हणतो; तिकडच्या अधिकाऱ्याला तो कागद दिसला नाही तर विषय तिथूनच सुरू होतो. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं शपथपत्र जोडावं लागतं. कायमच्या रहिवासाच्या अर्जासाठी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं.

सुपर व्हिसाचं नेहमीचं ओझं वेगळं: मुलाचं किंवा मुलीचं निमंत्रणपत्र आणि उत्पन्नाचे पुरावे, किमान एक वर्षाचा आणि एक लाख कॅनेडियन डॉलर संरक्षणाचा आरोग्यविमा, वैद्यकीय तपासणी. फी १०० डॉलर, बायोमेट्रिकचे ८५.

एक सावधगिरी. पोस्टिंगचं ठिकाण आणि काळ सांगा, मोहिमांचा तपशील नको. गोपनीयता कायदा निवृत्तीनंतरही लागू असतो. ‘राष्ट्रीय रायफल्स, जम्मू-काश्मीर, १९९८ ते २०००, कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार’ ही ओळ पुरेशी बोलकी आहे, कारण रसद सांभाळणारा आणि छापे घालणारा यांतला फरक तिच्यात दिसतो.

पत्र आलं तर

अर्ज सुरक्षा तपासणीला गेला की महिने जातात. त्याला इलाज नाही. अधिकाऱ्याला शंका आली तर नकारापूर्वी ‘प्रोसीजरल फेअरनेस लेटर’ येतं. त्यात शंका आणि उत्तराची मुदत लिहिलेली असते, बहुधा तीस दिवस. हे पत्र ईमेलच्या स्पॅममध्ये पडून राहिल्याने घालवलेले अर्ज मला माहीत आहेत, म्हणून ईमेल पत्ता एजंटाचा नको, घरातल्याचा द्या.

उत्तर लिहिताना एझोकोला निकालातले निकष सरळ डोळ्यांसमोर ठेवावेत. संघटना केवढी आणि कशी, तिच्यातल्या कुठल्या विभागावर आरोप आहेत, तुम्ही कुठल्या विभागात होतात, हुद्दा काय, किती काळ, भरती कशी झालात आणि सोडून जाणं शक्य होतं का. ‘मी देशसेवा केली’ हे वाक्य लिहावंसं वाटतं, पण त्याने एकाही निकषाचं उत्तर मिळत नाही. मुद्द्यागणिक कागद लावा. या टप्प्यावर परवानाधारक वकील गाठावा. पैसे घेऊन फॉर्म भरणारा प्रत्येकजण प्रतिनिधी होऊ शकत नाही, आणि जो असेल त्याचं नाव अर्जात जाहीर करावं लागतं.

तरीही नकार आला तर कॅनडाबाहेरच्या निर्णयाविरुद्ध फेडरल कोर्टाने तो निर्णय तपासावा यासाठी साठ दिवसांत परवानगी अर्ज करता येतो. त्याआधी अधिकाऱ्याच्या नोंदी मागवा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज कॅनडात असलेल्या मुलाने तुमच्या संमतीपत्रासह करायचा, फी पाच डॉलर. आपल्या दहा रुपयांच्या अर्जाचाच हा भाऊ.

कॅनडात राहत असताना ही बाब निघाली तर रस्ता आणखी अरुंद होतो. सीमा सेवा एजन्सी अहवाल करते, इमिग्रेशन डिव्हिजन या न्यायाधिकरणापुढे सुनावणी होते, आणि आरोप टिकला तर हद्दपारीचा हुकूम निघतो. इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील नाही, मानवतावादी कारणावर सूटही नाही. कोर्टाचं दार इथे पंधरा दिवसांचंच. खुर्चीमुळे अपात्र ठरलेल्याला मंत्र्याकडे सवलत मागता येते, कृत्यामुळे ठरलेल्याला तीही नाही. आपल्याकडची तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची. तिकडच्या हद्दपारीला मुदत नसते, परत जायचं तर लेखी परवानगी काढावी लागते.

पूर्वी कधी एजंटाच्या सांगण्यावरून ‘नाही’ लिहून व्हिसा घेतला असेल, तर पुढच्या अर्जात ‘हो’ लिहून सोबत खुलाशाचं पत्र जोडा. जुने अर्ज त्यांच्याकडे साठवलेले असतात आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून तपासली जातात. अर्ज अजून प्रलंबित असेल तर निर्णय होण्याची वाट न पाहता कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या ऑनलाइन वेबफॉर्मवरून दुरुस्ती पाठवा. मामांनी शेवटी फॉर्म स्वतः भरला. कमांडिंग ऑफिसरांची नावं त्यांना एका दमात आठवली. नव्या पासपोर्टचा नंबर मात्र तीनदा चुकला.